युद्धाने रिकामी केलेली जागा

डिसेंबर २०२५ मध्ये रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन दिल्लीत आले, तेव्हा चर्चा झाली ती खनिज तेलाची, संरक्षणसामग्रीची आणि अमेरिकेच्या संभाव्य नाराजीची. भारतीय कामगारांना रशियात ठरावीक मुदतीसाठी काम करता यावे, यासाठीचा करारही याच भेटीत झाला. त्याची दखल त्या मानाने फार कमी घेतली गेली. त्याआधी, मे २०२३ मध्ये, इस्रायलशी अशाच आशयाची सहमती झाली होती. ४२ हजार भारतीयांना तिथे रोजगार मिळावा, त्यांपैकी ३४ हजार बांधकामात आणि ८ हजार शुश्रूषेच्या कामात असावेत, असे ठरले होते. पाच महिन्यांनी, ७ ऑक्टोबरला, हमासचा हल्ला झाला, युद्ध पेटले आणि शांततेच्या काळात झालेल्या त्या सहमतीचा अर्थच बदलून गेला.

दोन्ही देशांची गरज खरी आहे आणि आपल्याकडच्या तरुणांची रोजगाराची निकडही खरी आहे. त्यामुळे हे करार म्हणजे उभयपक्षी लाभाचा व्यवहार, असे मानून पुढे जाण्याचा मोह होतो. परंतु युद्धातून निर्माण झालेली मजुरांची टंचाई ही बाजारातील इतर टंचाईसारखी नसते. कुणी आघाडीवर गेलेला असतो, कुणी देश सोडून गेलेला असतो, कुणाला प्रवेश नाकारलेला असतो. जागा रिकामी होते ती अशा कारणांनी. ती कारणे दूर झाली की त्या जागेवर बसवलेला परका माणूस नकोसा होतो. म्हणून मजूर पाठवणाऱ्या देशाच्या शब्दाला जे काही वजन असते, ते टंचाई असेपर्यंतच. त्या काळात जे करारात लिहून घेतले नाही, ते नंतर मिळत नाही. गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हेच सांगतो आणि भारताने आज त्याकडे लक्ष देण्याची गरज आहे.

टंचाईचे तीन चेहरे

प्रथम सद्यःस्थिती पाहू. युक्रेनमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून सुमारे ६० लाख लोक देशाबाहेर गेले आणि त्यांत स्त्रिया व मुलांचे प्रमाण मोठे आहे. लाखो पुरुष सैन्यात आहेत. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रे, युरोपीय आयोग आणि युक्रेन सरकार यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार पुनर्उभारणीसाठी दहा वर्षांत ५२४ अब्ज डॉलर लागतील. पैसा कुठून येणार, याची चर्चा जगभर होते. गवंडी, वीजतंत्री आणि नळजोडणी करणारे कुठून येणार, याची फारशी होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये युक्रेनने सक्तीच्या सैन्यभरतीचे किमान वय २७ वरून २५ वर आणले. त्याच वेळी महत्त्वाच्या उद्योगांतील कामगारांना भरतीतून सूट देण्याची व्यवस्थाही चालवावी लागली. एकच माणूस खंदकात हवा आणि वीजकेंद्रातही हवा, अशी ही ओढाताण आहे. पूर्वी स्त्रियांना खाणीत जमिनीखाली काम करण्यास असलेली बंदी युद्धकाळात शिथिल झाली आणि कोळशाच्या खाणींत स्त्रिया उतरल्या.

रशियात बेरोजगारीचा दर २०२४ च्या अखेरीस २.३ टक्क्यांपर्यंत घसरला. सुस्थितीतील अर्थव्यवस्थेचे हे लक्षण मानण्याचे कारण नाही. सैन्यभरती, देशत्याग आणि शस्त्रनिर्मितीचे कारखाने यांनी माणसे शोषून घेतल्याचा तो परिणाम आहे. पूर्वी ही कमतरता ताजिकिस्तान, उझबेकिस्तान, किरगिझस्तान येथील मजूर भरून काढत. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळच्या क्रोकस सिटी सभागृहावर दहशतवादी हल्ला झाला आणि त्यानंतर मध्य आशियाई स्थलांतरितांवर तपासणी, हद्दपारी यांचे सत्र सुरू झाले. भारताकडे वळलेली नजर या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते.

इस्रायलचे उदाहरण सर्वांत ठळक. तेथील इमारती अनेक दशके प्रामुख्याने पॅलेस्टिनी हातांनी उभ्या राहिल्या. युद्ध सुरू होताच पश्चिम किनाऱ्यावरील आणि गाझातील मजुरांचे प्रवेश परवाने स्थगित झाले; एकट्या बांधकाम क्षेत्रातून सुमारे ८० हजार माणसे एका आदेशाने बाहेर पडली. शेतांतून थायलंडचे हजारो मजूर मायदेशी परतले. त्यांच्यापैकी अनेक जण पहिल्याच दिवशी मारले गेले होते वा ओलीस धरले गेले होते. जानेवारी २०२४ मध्ये रोहतक आणि लखनऊ येथे जी भरती झाली, ती या रिकाम्या जागांसाठी होती. सेंट्रिंग करणारे, सळई बांधणारे, फरशी बसवणारे, गिलावा करणारे असे कामगार हवे होते. दरमहा सुमारे १ लाख ३७ हजार रुपये मजुरी जाहीर झाली होती. आपल्याकडच्या गवंड्याला ही रक्कम मिळवायला कित्येक महिने राबावे लागते. थंडीत रांगा लागल्या, यात आश्चर्य नव्हते. पहिली तुकडी एप्रिल २०२४ मध्ये रवाना झाली आणि भरतीची पुढची फेरी महाराष्ट्रात घेण्याचेही त्याच वर्षी ठरले.

जुन्या करारांचा हिशेब

युद्धकाळातील मजूर-करारांचा सर्वांत उद्बोधक दाखला अमेरिका आणि मेक्सिको यांचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी तरुण सैन्यात गेले, शेते आणि रेल्वेमार्ग ओस पडू लागले. ऑगस्ट १९४२ मध्ये दोन्ही सरकारांत करार झाला. ‘ब्रासेरो’ या नावाने ओळखली जाणारी ही योजना १९६४ पर्यंत चालली आणि तिच्याखाली सुमारे ४६ लाख वैयक्तिक करार झाले. मेक्सिको हा दुबळा शेजारी. तरीही युद्धाच्या त्या घडीला त्याने काही अटी मान्य करून घेतल्या. मेक्सिकन कामगाराला कोणत्याही सैनिकी सेवेत घेतले जाणार नाही, ही त्यांपैकी एक. जाण्यायेण्याचा खर्च कामगारावर पडणार नाही, ही दुसरी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आरंभीच्या करारात मालक म्हणून सही अमेरिकी सरकारच्या यंत्रणेची होती. शेतमालकाने मजुरी बुडवली तर दाद मागायला एक सरकार समोर होते. टेक्सासमध्ये मेक्सिकनांना मिळणारी वागणूक अपमानास्पद असल्याने तिथे मजूर पाठवण्यास मेक्सिकोने अनेक वर्षे नकार दिला. दुबळा देशही नाही म्हणू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

परंतु याच योजनेची दुसरी बाजूही आहे. मजुरीतून दहा टक्के रक्कम कापून ती मेक्सिकोतील बँकांत जमा करायची आणि कामगार परतल्यावर त्याला द्यायची, अशी तरतूद होती. अनेकांना ती कधीच मिळाली नाही. साठ वर्षांनंतर वृद्ध ब्रासेरो आणि त्यांच्या विधवा निदर्शने करीत होत्या. मग मेक्सिको सरकारने भरपाईचा निधी स्थापन केला. त्यांचे पैसे मुख्यतः अडकले ते त्यांच्याच देशाच्या संस्थांमध्ये. युद्ध संपल्यानंतर करारांतून अमेरिकी सरकार मालक म्हणून बाजूला झाले आणि मजूर थेट शेतमालकाच्या हाती गेला. ऑक्टोबर १९४८ मध्ये मजुरीवरून वाटाघाटी अडल्या, तेव्हा एल पासो येथे सीमा उघडून हजारो मजुरांना करारावाचून आत घेण्यात आले. टंचाईच्या काळात मिळवलेले हक्क टंचाई सरताच कसे विरतात, याचे हे चोख उदाहरण.

पश्चिम जर्मनीचा अनुभव वेगळा, पण धडा जवळचा. महायुद्धानंतर उद्ध्वस्त शहरे उभारायला आरंभी पूर्वेकडून हाकलून दिलेले लाखो जर्मन निर्वासित उपयोगी पडले. १९५५ मध्ये इटलीशी मजूर-करार झाला. पूर्व जर्मनीतून येणारा लोंढा ऑगस्ट १९६१ मध्ये बर्लिनच्या भिंतीने थांबवला आणि त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, ३० ऑक्टोबरला, तुर्कस्तानशी करार झाला. १९७३ पर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख ‘पाहुणे कामगार’ आले, त्यांतील १ कोटी १० लाखांच्या आसपास परतले. तेलसंकट येताच भरती एका फटक्यात बंद झाली. जे राहिले त्यांची भाषा, त्यांच्या मुलांचे शिक्षण, त्यांचे नागरिकत्व यांपैकी कशाचाही विचार करारात नव्हता, कारण ते राहतील हेच कुणी गृहीत धरले नव्हते. जर्मनीचा नागरिकत्वाचा सुधारित कायदा अमलात आला तो २००० साली, म्हणजे पहिल्या करारानंतर ४५ वर्षांनी.

इस्रायलमध्येही आज जे घडते आहे ते पहिल्यांदाच घडते आहे, असे नाही. १९९३ मध्ये पॅलेस्टिनी मजुरांच्या प्रवेशावर कठोर निर्बंध आले, तेव्हा शेतीसाठी थायलंडमधून आणि बांधकामासाठी रोमानियातून व पुढे चीनमधून मजूर आणले गेले. कामगाराचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असे. मालक सोडला की माणूस बेकायदा ठरे. दहा वर्षांच्या आत वारे फिरले. २००२ मध्ये परदेशी मजुरांना हुडकून बाहेर काढण्यासाठी स्वतंत्र पोलीस यंत्रणा उभी राहिली. मालकाशी बांधून ठेवण्याची ही पद्धत माणसाच्या प्रतिष्ठेला आणि स्वातंत्र्याला बाधा आणते, असा निवाडा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. तोवर कितीतरी जण कर्ज डोक्यावर घेऊन परत गेले होते.

कुवेतचा प्रसंग तर आपल्याच घरचा आहे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत बळकावले, तेव्हा तिथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. अम्मानमार्गे त्यांना विमानाने परत आणण्याच्या मोहिमेचा आपण सार्थ अभिमान बाळगतो. पुढचा भाग मात्र विस्मरणात गेला. १९९१ मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर तेथील पॅलेस्टिनी समाज, जो युद्धापूर्वी चार लाखांच्या घरात होता, काही हजारांवर आला. त्यांच्या नेतृत्वाने सद्दाम हुसेन यांच्या बाजूने घेतलेल्या भूमिकेची किंमत सामान्य शिक्षक, कारकून आणि अभियंत्यांनी मोजली. त्या रिकाम्या जागा ज्यांनी भरल्या, त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. तीस वर्षांत दोनदा आपण याच समाजाच्या मोकळ्या केलेल्या जागी गेलो आहोत. जाणाऱ्या मजुराला त्याचा दोष देणे अन्यायाचे होईल. पण करार करणाऱ्या सरकारला या इतिहासाचे भान असले पाहिजे. त्यात नैतिकतेचा प्रश्न आहेच, शिवाय साधे हितही आहे. राजकीय तडजोड होऊन पॅलेस्टिनी मजूर उद्या परतले, तर भारतीय मजुराच्या कराराचे काय होणार, याचे उत्तर आजच लिहून घ्यायला हवे.

आपलाच अनुभव

युद्धासाठी मजूर पुरवण्याचा आपला अनुभव याहूनही जुना आहे. पहिल्या महायुद्धात भारतातून गेलेल्या सैनिकांची स्मारके आहेत. त्यांच्याबरोबर गेलेल्या साडेपाच लाखांहून अधिक बिगरलढाऊ माणसांची आठवण क्वचितच काढली जाते. हमाल, खेचरवाले, रस्ते खणणारे, डोली वाहणारे अशी ही माणसे होती. मेसोपोटेमियातील बंदरे आणि रेल्वेमार्ग यांसाठी तुरुंगांतील कैद्यांचीही भरती झाली. १९१७ मध्ये छोटानागपूर, संथाळ परगणा, लुशाई आणि नागा टेकड्या येथून मजूर-पलटणी फ्रान्सला गेल्या. ही भरती सर्वत्र खुशीची नव्हती. मयूरभंज संस्थानात संथाळांनी आणि मणिपूरच्या डोंगरांत कुकींनी केलेल्या उठावांमागे मजूरभरतीची सक्ती हे एक प्रमुख कारण होते.

याच १९१७ मध्ये, मार्च महिन्यात, फिजी, त्रिनिदाद आदी वसाहतींकडे जाणारी करारबद्ध मजुरांची वाहतूक थांबली. त्यामागे भारतीय जनमताचा रेटा होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात ही पद्धत बंद करण्याचा ठराव मांडला होता आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला होता. गोखल्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा, की एका बाजूला सारी माहिती व सत्ता असलेला मळेवाला आणि दुसऱ्या बाजूला आपण कुठे चाललो हेही ठाऊक नसलेला निरक्षर मजूर, यांच्यातील कराराला खरा करार म्हणता येत नाही. पण बंदीचा आदेश प्रत्यक्षात निघाला तो भारत संरक्षण कायद्याखाली. युद्धासाठी माणसे लागत असताना ती मळ्यांकडे जाऊ देणे साम्राज्यालाही परवडणारे नव्हते. मजुराच्या भल्यासाठी झालेली मागणी मान्य झाली, ती साम्राज्याची गरज तिच्याशी जुळली तेव्हा. आज मजूर पाठवणारे सरकार आपले स्वतःचे आहे. गोखल्यांनी ज्या विषमतेवर बोट ठेवले, ती दूर करण्याची जबाबदारी म्हणूनच दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

कायद्यातील फट

आज या स्थलांतराचे नियमन १९८३ च्या कायद्याने होते. तो झाला आखाती देशांकडे जाणाऱ्या मजुरांची दलालांकडून होणारी लूट रोखण्यासाठी. त्याची रचना यादीवर आधारलेली आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचे तर सरकारी परवानगी लागते, करारपत्र तपासले जाते, १० लाख रुपयांचा विमा उतरवावा लागतो. या यादीत सौदी अरेबिया आहे, मलेशिया आहे. इस्रायल नाही आणि रशियाही नाही. म्हणजे ज्या देशांत आज क्षेपणास्त्रे आणि ड्रोन पडण्याचा धोका आहे, तिथे जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुराला या कायद्याचे किमान कवचही आपोआप मिळत नाही. केंद्रीय कामगार संघटनांनी इस्रायल-भरतीला विरोध करताना जे मुद्दे मांडले, त्यांच्या राजकीय भूमिकेशी कुणी असहमत असेल. पण सुरक्षिततेचा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता.

या फटीतून काय घडते तेही दिसून आले आहे. मार्च २०२४ मध्ये लेबनॉन सीमेलगतच्या मार्गालियोत येथे फळबागेत काम करणारा केरळचा एक तरुण क्षेपणास्त्राने ठार झाला. त्यानंतर भारतीय दूतावासाने सीमाभागातील भारतीयांना सुरक्षित ठिकाणी हलण्याचा सल्ला दिला. सल्ला योग्यच होता. परंतु मजुरी, निवारा आणि परवाना मालकाच्या हाती असलेल्या माणसाने तो कशाच्या बळावर पाळायचा? रशियात तर प्रकरण अधिक भीषण झाले. मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांची आमिषे दाखवून नेलेल्या तरुणांकडून न समजणाऱ्या भाषेतील कागदांवर सह्या घेतल्या गेल्या आणि ते युक्रेनच्या आघाडीवर पोहोचले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशी १२६ प्रकरणे असल्याचे सांगितले. त्यांत १२ जण मृत आणि १६ बेपत्ता होते. पंतप्रधानांना हा विषय थेट पुतिन यांच्याकडे काढावा लागला. मेक्सिकोने १९४२ मध्ये पहिल्याच कलमात जे लिहून घेतले होते, ते आपल्याला माणसे गमावल्यावर तोंडी मागावे लागले.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो: युद्धग्रस्त देशांत जाण्यास बंदी घाला. हा उपाय आपण करून पाहिला आहे. २००४ मध्ये भारतीय ट्रकचालक इराकमध्ये ओलीस धरले गेले आणि सरकारने इराकला जाण्यास मनाई केली. तरीही शेजारच्या देशांतून माणसे जात राहिली. फरक एवढाच की आता त्यांची कुठेही नोंद नव्हती. जून २०१४ मध्ये मोसुलजवळ बांधकाम मजूर असलेल्या ३९ भारतीयांचे अपहरण झाले. ते मारले गेले आहेत, हे त्यांच्या कुटुंबांना अधिकृतपणे कळले मार्च २०१८ मध्ये. पंजाब, हिमाचल, बिहार आणि बंगालमधील ती घरे जवळजवळ चार वर्षे आशेवर होती. बंदीने धोका संपत नाही, तो सरकारच्या दृष्टीआड होतो.

शिवाय बंदीच्या मागणीत एक सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. इस्रायलसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या तरुणाला तिथे युद्ध आहे हे माहीत नव्हते, असे समजणे हा त्याचा अपमान आहे. गावात बहिणीचे लग्न, घराचे कर्ज आणि वर्षातून मोजके दिवस मिळणारे काम यांचा हिशेब मांडूनच तो निघालेला असतो. राज्याने त्याच्या निर्णयावर निवाडा देऊ नये. त्याने पत्करलेल्या जोखमीची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागू नये, हे पाहणे राज्याचे काम आहे.

करारात काय असावे

म्हणून प्रश्न उरतो तो अटींचा. पहिली अट ठिकाणाची. युद्धग्रस्त देशाशी होणाऱ्या प्रत्येक करारात कामाचा जिल्हा नमूद असावा. धोक्याच्या पट्ट्यात काम करण्यास नकार दिल्यास मजुरी वा परवाना जाणार नाही, हे स्पष्ट लिहिलेले असावे. दुसरी अट सैनिकी सेवेची. केवळ ‘सैन्यात घेणार नाही’ एवढे पुरेसे नाही. तळांचे बांधकाम, खंदक, दारूगोळ्याची वाहतूक ही कामेही वगळली पाहिजेत. करारपत्र कामगाराच्या भाषेत असावे आणि त्याची प्रत दूतावासात आधी नोंदली जावी. दूतावासात न नोंदलेली कोणतीही नंतरची सही अवैध मानण्यास समोरच्या सरकारने मान्यता द्यावी.

तिसरी अट मालक बदलण्याची आणि मुदतीच्या हमीची. भरती झालेल्यांपैकी काहींचे कौशल्य अपेक्षेप्रमाणे नसल्याचे सांगून त्यांना वेगळ्याच कामांवर लावले गेल्याच्या बातम्या इस्रायलमधून आल्या आहेत. घाईत घेतलेल्या चाचण्यांचा दोष दोन्ही बाजूंचा असेल, तर त्याचा भार एकट्या मजुराने का वाहावा? कराराची मुदत संपण्यापूर्वी त्याला परत पाठवायचे झाले, मग कारण शस्त्रसंधी असो वा सरकार बदलणे, उरलेल्या मुदतीची ठरावीक भरपाई त्याला मिळाली पाहिजे. ही हमी मालकाची नको, सरकारची हवी. १९४२ च्या कराराचा सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

चौथी बाब भरपाईची. शत्रूच्या हल्ल्यात बळी पडलेल्यांसाठी इस्रायलच्या कायद्यात भरपाईची व्यवस्था आहे आणि कायदेशीर मार्गाने आलेला परदेशी कामगारही तिच्या कक्षेत येतो. पण आझमगढ वा करीमनगरच्या विधवेने हिब्रू भाषेतील तो दावा दाखल करायचा कसा? याचे उत्तरही आपल्याच प्रशासनाच्या इतिहासात आहे. आखाती युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग स्थापन केला आणि इराकच्या तेल उत्पन्नातून दावे भागवले. कुवेतहून परतलेल्या एक लाखाहून अधिक भारतीयांचे दावे सरकारने गोळा केले, ते पुढे पाठवले आणि आलेले पैसे वाटले. उशीर झाला, त्रुटी राहिल्या. पण सामान्य मजुराच्या खात्यात रक्कम पोहोचली, कारण दावा मांडण्याचे काम राज्याने अंगावर घेतले होते. तीच पद्धत आता कायमची करावी. मजूर पाठवणाऱ्या प्रत्येक राज्यात एक कार्यालय असावे, जे जाणाऱ्याची नोंद ठेवील आणि अघटित घडल्यास कुटुंबाच्या वतीने दावा चालवील. केरळने ‘नोर्का’च्या रूपाने अशा व्यवस्थेचा पाया घातला आहे. उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड येथून आज मोठ्या संख्येने माणसे निघतात. तिथे अशी यंत्रणा उभी करणे सर्वांत निकडीचे आहे.

पाचवी बाब परतल्यानंतरची. जिल्हा प्रशासनात काम केलेल्या कुणालाही हे ठाऊक असते, की परदेशातून आलेल्या मजुराची सरकारदरबारी ओळख फक्त पासपोर्टवरच्या शिक्क्यापुरती असते. त्याने तिथे काय शिकले याची नोंद कुठेही नसते. आपल्याच देशात मोठ्या बांधकाम कंपन्यांना हजारो कुशल हात कमी पडत आहेत. लार्सन अँड टुब्रोच्या प्रमुखांनी २०२४ मध्ये आपल्याकडे २५ ते ३० हजार कामगारांची कमतरता असल्याचे जाहीरपणे सांगितले होते. सेंट्रिंगच्या नव्या पद्धती शिकून आलेला माणूस पुन्हा मजूर अड्ड्यावर उभा राहत असेल, तर पाठवण्याच्या धोरणाला धोरण म्हणता येणार नाही.

हे सारे मागण्याइतके वजन भारताकडे आहे का? आज आहे. रशियाने मध्य आशियाई मजुरांशी संबंध बिघडवून घेतले आहेत, इस्रायलला पॅलेस्टिनी नको आहेत आणि थायलंडच्या मजुरांची संख्या मर्यादित आहे. युक्रेनमध्ये शांतता नांदली की पुनर्उभारणीसाठी लागणाऱ्या हातांची मागणी भारताकडेही येईल. तिथे तर करार पहिल्यापासून नीट लिहिण्याची संधी आहे. एवढ्या मोठ्या संख्येने तरुण, कामाची सवय असलेले मनुष्यबळ देऊ शकणारे देश जगात फारसे नाहीत. मात्र हे वजन टिकाऊ नाही. शस्त्रसंधी, निवडणूक किंवा एखादा दहशतवादी हल्ला यांपैकी काहीही ते एका रात्रीत नाहीसे करू शकते.

परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. कायद्याच्या नावात ‘सुविधा’ आणि ‘कल्याण’ हे शब्द आहेत. ‘हक्क’ हा शब्द त्यात यावा, असा आग्रह धरण्याची वेळ हीच आहे. देशांच्या यादीऐवजी धोक्याच्या प्रत्यक्ष पातळीवर संरक्षण ठरवावे, ही त्यातील किमान सुधारणा. दुसरी सुधारणा संसदेशी संबंधित आहे. आंतरराष्ट्रीय करारांना संसदेची पूर्वमंजुरी घेण्याचे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही आणि ते सर्वच करारांना लावावे असेही नाही. पण ज्या कराराने भारताचे नागरिक युद्ध चालू असलेल्या देशात कामाला जाणार आहेत, तो करार त्याच्या सर्व जोडपत्रांसह दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवला गेला पाहिजे. किती गेले, किती परतले, किती दगावले आणि किती दावे निकाली निघाले, याचा वार्षिक तपशील त्यासोबत हवा. पुढची तुकडी विमानतळावर पोहोचण्याआधी एवढे करणे सरकारला अशक्य नाही, आणि सत्ताधारी वा विरोधी, कोणत्याही बाकावरील खासदाराने त्याची मागणी करायला हरकत नसावी.